बालगृहात नको, शब्बाथ शाळेत जा

पत्र

मावशी, सलाम. मी पिंपरीची, वय २६, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातले आम्ही १२ जण येत्या मे महिन्यात १० दिवसांसाठी नेपाळला सेवेला जाणार आहोत. काठमांडूजवळ एक ख्रिस्ती बालगृह आहे, तिथे चाळीसेक अनाथ मुलं आहेत. रोज सकाळी ११ ते ४ त्यांची व्हीबीएस, म्हणजे सुटीतली बायबल शाळा, घ्यायची, गाणी, बाहुल्यांचा खेळ, बायबलमधल्या गोष्टी, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाला दप्तर आणि कपडे द्यायचे, असं ठरलं आहे. माणशी २२ हजार खर्च आहे, त्यातला बराचसा मंडळीतल्या लोकांनी दिला. सगळं ठरल्यावर माझी मावसबहीण, जी समाजकार्याचं शिक्षण घेते आहे, म्हणाली की अशा भेटींनी त्या मुलांचं नुकसान होतं. मला फार लागलं. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पंडिता रमाबाईंनीही अनाथ मुलींनाच जवळ केलं होतं, शंका घेऊ नकोस. मुलांमध्ये सेवा करायची ओढ मला लहानपणापासून आहे आणि ती देवाने दिलेली आहे असं मी मानते. मी जाऊ की नको? गेले तर काय करू?

उत्तर

लेकी, तुलाही सलाम.

नेपाळला जा, पण बालगृहात जाऊ नकोस. तुमच्या १० दिवसांचा बेत बदलायला अजून वेळ आहे, आणि तो बदलावा असं मला मनापासून वाटतं. तुझ्या मावसबहिणीचं म्हणणं तुला लागलं, ते साहजिक आहे. तुझ्या ओढीत काही खोट नाही. प्रश्न आहे तो ही ओढ घेऊन कुठल्या दारात उभं राहायचं, एवढाच.

तुझ्या पत्रात ‘चाळीसेक अनाथ मुलं’ असं आहे. या मुलांचे आईवडील खरंच नाहीत का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं आहे का? जगभरातल्या अशा संस्थांमधल्या दर ५ मुलांपैकी सुमारे ४ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, असा अंदाज बालहक्कांवर काम करणाऱ्या मोठ्या संस्था अनेक वर्षांपासून मांडत आल्या आहेत. नेपाळची गोष्ट तर अधिकच दुखरी आहे. तिथे १९९६ ते २००६ अशी १० वर्षं माओवादी आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष चालला. पश्चिमेकडे हुम्ला, मुगू, जुम्ला असे दुर्गम डोंगरी जिल्हे आहेत, जिथून त्या काळी गाडीरस्त्याला लागायलाच कित्येक दिवस पायपीट करावी लागे. घरटी एक मूल बंडखोर नेतील ही भीती होती आणि गावात धड शाळाही नव्हती. अशा वेळी दलाल दारात येत. मुलाला काठमांडूला नेतो, चांगल्या शाळेत घालतो, असं सांगून ते आईबापांकडूनच पैसे घेत. लोकांनी शेत विकून, कर्ज काढून मुलं सोपवली. पुढे त्यातल्या अनेक मुलांचे कागद तयार झाले आणि त्या कागदांवर आईवडील मृत दाखवलेले होते. मूल बालगृहात, त्याच्या नावाने परदेशातून येणारी देणगी चालकाच्या खिशात, आणि आई तिकडे हुम्ल्यात पोरगा शिकून साहेब होईल म्हणून वाट बघत बसलेली.

नेपाळमधली बहुसंख्य बालगृहं कुठे आहेत बघ. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की आणि चितवन. दारिद्र्य सर्वांत जास्त आहे तिथे ती नाहीत, पर्यटक आणि पाहुणे येतात तिथे आहेत. यातून प्रत्येक चालक लबाड आहे असा अर्थ काढू नकोस. काही जण फार कष्टाने, प्रामाणिकपणे हे काम करतात. पण पाहुणे येतात म्हणून बालगृहं निघतात आणि बालगृहं भरायची म्हणून मुलं घरातून आणली जातात, हे चक्र तिथे खरोखर फिरलं आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसं गेली, तेव्हा नेपाळ सरकारला आईवडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवावी लागली. भूकंपात अनाथ झालेल्यांना मदत करायला जग धावेल आणि त्यापाठोपाठ दलालही धावतील, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालं होतं.

तुझ्या पत्रातल्या आणखी एका गोष्टीने मला थांबवलं. मे महिन्यात, रोज ११ ते ४. अगं, मे ही आपली सुटी आहे. नेपाळमध्ये शाळेचं नवं वर्ष वैशाखात, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. मे महिन्यात तिथली मुलं नव्या वर्गात, नव्या पुस्तकांसह शाळेत बसलेली असतात. मग ही चाळीस मुलं कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता तुमच्यासाठी मोकळी कशी? एकतर ती शाळेत जात नाहीत किंवा पाहुण्यांसाठी त्यांची शाळा बुडवली जाते. तू स्वतः शिक्षिका आहेस. तुझ्या वर्गातली मुलं वर्षाच्या सुरुवातीलाच आठवडाभर कुणी गाणी म्हणायला घेऊन गेलं, तर तू काय म्हणशील? चालकांना हा एकच प्रश्न विचारलास तरी पुष्कळ कळेल.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. नगर जिल्ह्यातल्या एका मुलींच्या बोर्डिंगात मी बरीच वर्षं अधीक्षिका होते. आपण मराठी ख्रिस्ती माणसं परदेशी सेवेकऱ्यांच्या भेटी घेण्याच्या बाजूला फार काळ राहिलो आहोत. आता आपली मुलं दुसऱ्या देशात द्यायला निघाली याचा मला आनंद आहे, पण घेणाऱ्याच्या बाजूला काय होतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

पाहुणे यायचे म्हटलं की आठवडाभर आधी स्वागतगीताची तालीम सुरू व्हायची. पाहुणे यायच्या दिवशी तेल लावून वेण्या घातलेल्या मुली व्हरांड्यात रांगेत. गाडी फाटकातून आत आली की पहिलीतली एक मुलगी रांग मोडून धावायची आणि जो कुणी पहिला उतरेल त्याची करंगळी धरायची. कोण, कुठला, काही माहीत नाही. दिवसभर ती करंगळी सोडायची नाही, मांडीवर बसायची, गळ्यात हात टाकायची. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. किती प्रेमळ मूल आहे, म्हणायचे. मला मात्र पोटात कालवायचं. आपल्या घरात वाढणारं सहा वर्षांचं मूल अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड जातं, तिथून आधी डोकावून बघतं आणि मग हळूहळू पुढे येतं. जे मूल कुणाच्याही मांडीवर चढतं, त्याला आडोसा घ्यायला कुणी राहिलेलं नसतं. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या बालकांचा बुखारेस्टमध्ये अनेक वर्षं अभ्यास झाला. एकूण १३६ बाळं होती, त्यातली निम्मी चांगल्या कुटुंबांत सांभाळायला दिली गेली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्याने, माणसाशी जुळणाऱ्या नात्याने पुढे गेली. अनोळखी माणसाशी असं सैलपणे चिकटण्याची सवय मात्र सहजी जात नाही, हेही त्या अभ्यासात दिसलं.

गाडी निघून गेली की खरा दिवस सुरू व्हायचा. फुगे फुटलेले, एकीला बाहुली आणि दुसरीला वही मिळाली म्हणून भांडणं, रात्री न जेवता झोपणाऱ्या दोघीतिघी. पुढचे चारपाच दिवस अंथरुणं ओली व्हायची. ती धुणारी आमची मेट्रन होती. पाहुण्यांच्या फोटोंत ती कुठेच नसायची. पाहुणे ‘पुन्हा येऊ’ म्हणायचे, ते मनापासूनच. करंगळी धरणारी ती मुलगी पुढचे कित्येक शनिवार फाटकापाशी जाऊन उभी राहायची, कारण पाहुणे शनिवारी आले होते.

तुम्ही १० दिवस राहणार. १० दिवसांत मुलं तुम्हाला दीदी आणि दाइ (दादा) म्हणायला लागतील, तुमची नावं पाठ करतील आणि अकराव्या दिवशी तुम्ही गोरखपूरच्या गाडीत असाल. तुमच्या मागून जूनमध्ये दुसरा गट येईल, ऑक्टोबरमध्ये तिसरा. त्या मुलांच्या वाट्याला वर्षातून किती निरोप येतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पाळकसाहेबांनी रमाबाईंचं नाव घेतलं, त्याचाही मान ठेवून बोलते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांना ठेवलं, हे खरं. पण त्यानंतर त्यांनी केडगाव हेच आपलं घर केलं. त्या मुलींना वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकवलं, त्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या आणि १९२२ मध्ये तिथेच देह ठेवला. नगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई होत्या. १८२७ मध्ये बोटीने निघून मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरातच वारल्या. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी नगरला जाऊन त्यांचीच शाळा पाहिली होती. या बायकांचं नाव घ्यायचं तर त्यांनी दिलेली वर्षंही मोजावी लागतात. १० दिवसांच्या प्रवासाला त्यांचा दाखला लागू पडत नाही. १० दिवसांत करता येण्यासारखी कामं वेगळी आहेत, आणि ती कमी मोलाची नाहीत.

याकोबाच्या पत्रातलं वचन तुला पाठ असेल, अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यावा असं सांगणारं. मी ते अनेक वर्षं वाचत आले आणि एक गोष्ट मला उशिरा उमगली. तिथे दोघांचं नाव एकत्र घेतलं आहे. बापाविना झालेलं मूल आणि त्याची आई, दोघं एका घरात आहेत, संकटही एकाच घरावर आहे. समाचार घ्यायचा तो त्या घराचा. मूल उचलून एका इमारतीत आणि आई डोंगरावर एकटी, असं त्या वचनात कुठेही नाही. नेपाळचा २०१८ चा बालकायदा आणि आपला २०१५ चा बाल न्याय कायदा, दोन्ही हेच सांगतात की संस्था हा शेवटचा उपाय. आधी आईबाप, मग नातलग, मग सांभाळणारं दुसरं कुटुंब.

म्हणून कुठल्याही मुलासाठी काही करताना स्वतःला एक गोष्ट विचार. मी गेल्यावर या मुलाच्या नजरेत त्याची आई, त्याची शिक्षिका, त्याच्या मंडळीतली काकू मोठी होणार आहे की मी?

आमच्या बोर्डिंगात एकदा परदेशातून एक नर्सबाई आल्या होत्या. आल्या त्या दिवशी त्यांनी मेट्रनला विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? मेट्रन म्हणाली, खरजेचा. एकीची बरी होईपर्यंत दुसरीला व्हायची, पावसाळाभर मुली रात्री खाजवत बसायच्या. बाईंनी मेट्रनला शेजारी बसवून सगळं समजावलं. औषध सगळ्या मुलींना एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लावायचं. त्याच दिवशी चादरी आणि कपडे उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायचे. आठवड्याने पुन्हा एकदा. मुलींना औषध लावलं ते मेट्रनने आणि मोठ्या मुलींनी, बाईंनी नाही. बाई गेल्या तेव्हा लहान मुलींना त्यांचं नावही नीट माहीत नव्हतं. पण पुढच्या पावसाळ्यात मुली झोपल्या, आणि काही झालं की त्या मेट्रनकडे धावायच्या, कारण तिच्या हाताला गुण आहे हे त्यांनी पाहिलं होतं. परदेशी सेवेची मी पाहिलेली सर्वांत चांगली भेट ती.

तू शिक्षिका आहेस, तुझ्याकडे अशी देण्यासारखी विद्या आहे. तिचा उपयोग कर. नेपाळमधल्या मंडळ्या शनिवारी भरतात, कारण तिथे शनिवार हा सुटीचा दिवस. त्याच दिवशी मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे मंडळीतला बायबलचा वर्गही असतो. बहुतेक ठिकाणी ही शाळा चालवणारी एखादी विशीतली मुलगी असते. हातात पुरेसं साहित्य नाही, चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं एकाच खोलीत, आणि शिकवायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या पाळकसाहेबांना सांग की काठमांडूच्या एखाद्या मंडळीच्या पाळकांशी बोला. आसपासच्या मंडळ्यांमधल्या अशा पंधरावीस शिक्षिका सोयीच्या वेळी एकत्र येऊ शकतील का, ते विचारा. सगळ्या वयांची मुलं एका खोलीत कशी सांभाळायची, गोष्ट सांगताना चित्र कधी दाखवायचं आणि कधी लपवायचं, न बोलणाऱ्या मुलाला प्रश्न कसा विचारायचा, रिकाम्या खोक्यांतून आणि जुन्या कापडातून साधनं कशी करायची, हे सगळं तू वर्गात रोज करतेस. चारपाच दिवस रोज दोनतीन तास हे काम करा, आणि ते तुम्ही एकट्यांनी नाही. त्याही काही शिकवतील, तुम्ही शिका. डोंगरातल्या मुलांना गोष्ट कशी सांगायची हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग शनिवारी त्यांच्या शब्बाथ शाळेत जा. तिथली मुलं सकाळी आईचं बोट धरून आलेली असतील आणि संपल्यावर आईबरोबरच घरी जातील, त्यामुळे तुमच्या येण्याजाण्याने कुणाच्या काळजाला घरं पडणार नाहीत. तिथे तू मागे बस. गोष्ट तिथल्या शिक्षिकेला सांगू दे. हरवलेल्या मेंढराची गोष्ट ती तिच्या भाषेत सांगेल तेव्हा मेंढरू तिथल्याच एखाद्या उतारावर अडकलेलं असेल, आणि मुलांना ते दिसेल. तुझं मोडकं नेपाळी किंवा हिंदी ऐकून मुलं हसतील, टाळ्या वाजवतील, पण गोष्ट पोचणार नाही. तू चित्र धर, रंगीत कागद वाट, शेवटी खोली झाडायला मदत कर. तुमच्यातल्या ज्याला गिटार येतं त्याने तिथलीच गाणी आधी शिकून घ्यावीत. भेटल्यावर ‘जयमसीह’ म्हणा, तिथली रीत तीच आहे. मुलांच्या आयांशी बोला. त्यांच्यापैकी कुणाचा नवरा आखातात किंवा मलेशियात कामाला असेल. पोरं एकटीने वाढवणं म्हणजे काय ते त्या सांगतील, आणि ते ऐकून घेणं हीसुद्धा सेवाच आहे.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही म्हणून आपल्याला ते परकं वाटत नाही, पण तो वेगळा देश आहे. नेपाळच्या संविधानाच्या कलम २६ ने कुणाचं धर्मांतर करवण्याला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. २०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोटला भूकंपग्रस्त मुलांना मानसिक आधार देण्याच्या कार्यक्रमात येशूची चित्रपुस्तिका वाटली म्हणून ८ ख्रिस्ती माणसांना अटक झाली होती. डिसेंबरात ती निर्दोष सुटली, पण तोवर महिनेच्या महिने खटला त्यांच्या डोक्यावर होता. तुम्ही एखादी पुस्तिका वाटून पिंपरीला परत याल, पण चौकशीला सामोरं जायचं ते तिथल्या पाळकांना आणि त्या विशीतल्या शिक्षिकेला. म्हणून काय करायचं आणि काय नाही हे त्यांनी ठरवावं, आणि ते ‘नको’ म्हणाले तर तुमच्यातल्या कुणीही त्यांच्या विश्वासाची मापं काढू नयेत. त्या मंडळीने जे सोसलं आहे ते आपण सोसलेलं नाही.

कायदा नसता तरी एक गोष्ट मी सांगितलीच असती. मुलांना डोळे मिटायला लावून, हात वर करायला लावून येशूला स्वीकारण्याचा निर्णय घ्यायला सांगू नका. जे मूल तुमच्या हातून दप्तर घेणार आहे ते तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. आईबापाच्या मागे, त्यांना न कळवता त्यांच्या मुलाच्या मनावर असा भार टाकणं हा त्या घराचा अपमान आहे. येशूने बाळकांना जवळ घेतलं, आशीर्वाद दिला. त्यांना आणणारी माणसं तिथेच उभी होती.

फोटोंचंही बोलते, कारण यावर तुमच्या तरुण संघात वाद होणार हे मला दिसतं आहे. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. जो नियम आपल्या मुलांना, तोच शेजारच्या देशातल्या मुलांना लावायला हवा. मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकू नका, ‘गरीब पण हसरी’ असलं काही लिहू नका. मंडळीत परत येऊन साक्ष द्याल तेव्हा तिथल्या शिक्षिकांनी काय शिकवलं ते सांगा, फोटो दाखवायचाच तर त्यांचा, त्यांना विचारून.

दप्तरं आणि कपडे इथून वाहून नेऊ नका. काठमांडूत सगळं मिळतं. काय हवं ते पाळकांना विचारा, तिथल्याच दुकानातून घ्या, आणि मुलांच्या हातात ते त्यांच्या आईने द्यावं, तुम्ही नाही. आई देते तेव्हा मुलाला ती वस्तू घरातून मिळालेली असते. परक्या माणसाकडून ती मिळाली तर मूल पुढच्या परक्याची वाट बघायला लागतं.

निघण्याआधी तुमच्या १२ जणांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. ‘आपलीच पोरं आहेत’ म्हणून कुणाला सूट देऊ नका. मुलाबरोबर तुमच्यातलं कुणीही कधीही एकटं नको, खोलीचं दार उघडं, मुलांना फोन नंबर द्यायचा नाही, नंतर फेसबुकवर शोधायचं नाही. मूल रडलं तर त्याला उचलून घ्यायच्या आधी त्याच्या शिक्षिकेला हाक मार. हे नियम तुम्हाला कोरडे वाटतील. मुलांमध्ये मन रमणाऱ्या माणसाला ते पाळणं सर्वांत जड जातं, हे मला माहीत आहे, आणि तरी मी सांगते आहे.

राहिलं ते बालगृह. त्यांना नुसतं ‘येत नाही’ असं कळवून मोकळं होऊ नका. पाळकसाहेबांनी स्वच्छ पत्र लिहावं. आम्ही मुलांना भेटायला येणार नाही, पण काही समजून घ्यायचं आहे. गृहाची नोंदणी आहे का? किती मुलांचे आईवडील किंवा नातलग हयात आहेत? ती घरी कधी जातात? त्यांना कायमचं घरी पाठवण्यासाठी काय प्रयत्न चालू आहेत, आणि त्यात काय कमी पडतं? चांगला चालक या प्रश्नांनी दुखावणार नाही. उलट त्याला बरं वाटेल, कारण हे त्याला क्वचितच कुणी विचारतं. एखाद्या मुलाचं गाव शोधायला कुणी माणूस पाठवायचा आहे, एखाद्या आईला मुलाच्या शाळेची फी आणि शेळ्या घ्यायला पैसे मिळाले तर ती त्याला उद्या घरी नेईल, असं काही त्यांनी सांगितलं आणि तिथल्या मंडळीने ते पडताळून पाहिलं, तर तुमचा हात तिथे सैल सोडा. उत्तर टाळलं, किंवा ‘मुलं फार वाट बघत आहेत, पैसे तरी पाठवा’ असं आलं, तर एक रुपयाही पाठवू नका. मुलांना मारहाण होते, उपाशी ठेवतात, कामाला लावतात असं काही कानावर आलं, तर नेपाळमध्येही मुलांसाठीची हेल्पलाइन आपल्यासारखीच १०९८ आहे. तिथल्या पाळकांना सांगून तिथे कळवा.

माणशी २२ हजार म्हणजे १२ जणांचे २ लाख ६४ हजार झाले. शिक्षिकांचं शिबिर घ्यायला १२ माणसं लागत नाहीत. तू आणि तुझ्यासारखे शिकवू शकणारे आणखी तिघेचौघे पुरे आहेत. उरलेले पैसे मंडळीने ज्या कामासाठी दिले ते काम आता बदललं आहे, तेव्हा देणाऱ्यांना विचारल्याशिवाय ते वळवू नका. येत्या रविवारी भक्तीनंतर उभी राहून सगळ्यांसमोर सांग की बेत का बदलला, नवा बेत काय आहे, आणि ज्याला आपलं दान परत हवं असेल त्याने निःसंकोच मागावं. मागे राहणाऱ्या सातआठ जणांना वाईट वाटेल. त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोल, रविवारी सगळ्यांदेखत त्यांना ते कळू नये. मावसबहिणीलाही फोन कर आणि शिबिराची तयारी करताना तिला शेजारी बसव. मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहून काढायला तिच्याइतकं उपयोगी माणूस तुम्हाला पिंपरीत दुसरं मिळणार नाही.